बीज थांबत नाही, शुक्राणू थांबतात: गर्भ राहतो तो कसा आणि कधी

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका जोडप्याचा आहे. लग्नाला चौदा महिने झाले. बायको पंचवीस वर्षांची, पाळी २८ ते ३२ दिवसांनी येते. नवरा चाकणला कंपनीत कामाला, दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार गावाकडे येतो. पाळी सरून डोक्यावरून पाणी घेतलं की पुढचे चार-पाच दिवसच कामाचे, असं घरातल्या मोठ्या बायांनी सांगितलंय. पाळीच्या मधल्या दिवसांत अंगावरून तार सुटणारं पाणी जातं म्हणून दोनदा गोळ्या घेऊन झाल्या. पिशवी धुऊन घ्या, असाही सल्ला मिळाला. दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे तर दिवस जात नसतील का, ही शंका आहे. मुलगा व्हावा यासाठी काही ठरावीक दिवस असतात का, असं सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न: फलन होतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

आधी गाभा सांगतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तास जगतं. शुक्राणू बाईच्या शरीरात, वेळ अनुकूल असेल तर, पाच दिवसांपर्यंत जगतात. त्यामुळे वाट पाहायची असते ती शुक्राणूंनी. बीज सुटण्याच्या आधीच ते गर्भनलिकेत येऊन थांबलेले असले तर फलनाची, म्हणजे बीज आणि शुक्राणू एक होण्याची, शक्यता चांगली. बीज सुटून पुरा दिवस उलटला की त्या महिन्याची संधी गेली. पाळीच्या आंघोळीनंतरचे चार-पाच दिवस म्हणजे साधारण पाचवा ते दहावा दिवस. तुमच्या पाळीच्या हिशेबानं बीज सुटतं १४ ते १८ व्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे बहुतेक वेळा बीज यायच्या आतच शुक्राणू संपलेले असतात. मोठ्या बायांचा हेतू चांगला आहे, पण हिशेब चुकलेला आहे.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढतो, कारण ती डोक्यात राहिली की पुढचं सगळं वाकडं दिसतं. 'बी पुरुषाचं, जमीन बाईची' असं आपल्याकडे सहज बोललं जातं. त्यातूनच मूल झालं नाही की जमीन नापीक ठरते आणि तपासण्या, औषधं, टोमणे सगळं बाईच्या वाट्याला येतं. हे शास्त्र म्हणून साफ खोटं आहे. बाई जमीन नाही. तिचंही बीज आहे, आणि बाळाच्या पेशीतल्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ तिची, २३ पुरुषाची. जालना भागात कापसाच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या बायांना हे कुणी शिकवावं लागत नाही. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर फिरवायचे. वाण दोन्हीकडचं मोजलं जातं, आणि वेळ टळली तर बोंड धरत नाही. माणसाचं फलन याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण या दोन गोष्टी तिथेही तशाच आहेत.

बीजाची तयारी

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून १० ते २० लाख अपक्व बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. जन्मानंतर नव्यानं बीज तयार होतं असा भरवशाचा पुरावा नाही. पंचवीस वर्षांच्या बाईचं बीज पंचविशीहून थोडं जुनंच असतं, कारण ते ती आईच्या पोटात असतानाच तयार होऊन अर्ध्या विभाजनावर थांबलेलं असतं. वय पस्तिशीपुढे गेलं की या थांबलेल्या विभाजनात चुका वाढतात, गुणसूत्रं एखादं कमी-जास्त होतं. उशिरा राहिलेले गर्भ जास्त पडतात त्याचं मोठं कारण हेच.

दर महिन्याला काही फॉलिकल, म्हणजे बीज धरून असलेले पाण्याचे बारीक फुगे, वाढू लागतात. त्यातला बहुधा एकच पुढे जातो. सोनोग्राफीत तो १८ ते २४ मिलिमीटरचा झाला की फुटायच्या बेतात असतो. फुगा वाढताना इस्ट्रोजेन वाढतं, त्यानं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट सुटते, आणि लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज बाहेर पडतं. याच लाटेमुळे बीजाचं अडलेलं विभाजन पुढे सरकतं. निम्मी गुणसूत्रं एका छोट्या पुडीत बाहेर टाकून बीज पुन्हा थांबतं, आणि आता शुक्राणू आत शिरला तरच उरलेलं काम पुरं करतं. बीज साधारण ०.१ मिलिमीटरचं असतं, रांगोळीच्या बारीक कणाएवढं. माणसाच्या शरीरातली ही सगळ्यात मोठी पेशी.

सुटलेलं बीज गर्भनलिकेच्या टोकाची झालर अलगद टिपून घेते. नळी दहा-बारा सेंटीमीटर लांब. तिचा बाहेरच्या अंगाचा, जरा फुगीर भाग ही फलनाची जागा. पुष्कळांना वाटतं फलन पिशवीत होतं. तसं होत नाही. पिशवीत येतो तो चार-पाच दिवसांचा गर्भ. म्हणूनच सोनोग्राफीत पिशवी अगदी चांगली दिसत असली आणि नळ्या बंद असल्या, तर दिवस जात नाहीत.

पांढरं जाणं आणि पांढरं जाणं

हा भाग नीट वाचा, कारण तुमच्या गोळ्यांचा प्रश्न इथेच आहे. एरवी गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट असतो, बुचासारखा. शुक्राणूंना तो वर जाऊ देत नाही. योनीत आम्लताही बरीच असते, पीएच ३.८ ते ४.५. जंतूंपासून संरक्षण म्हणून ते चांगलं, पण शुक्राणू त्यात फार वेळ तग धरत नाहीत. बीज सुटण्याच्या आधी तीन-चार दिवस इस्ट्रोजेनमुळे हाच स्राव पातळ, स्वच्छ, बुळबुळीत होतो, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर सात-आठ सेंटीमीटर तार सुटते. त्यातून शुक्राणू काही मिनिटांत वर चढतात आणि त्यातच काही दिवस जिवंत राहू शकतात.

म्हणजे मधल्या दिवसांत अंगावरून जातं म्हणून तुम्ही ज्यावर गोळ्या घेतल्या, ते आजाराचं नसून तुमचा सगळ्यात कामाचा काळ सुरू झाल्याचं लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. वास नसलेला, खाज नसलेला, काचेसारखा स्राव दोन-चार दिवस येतो आणि आपोआप थांबतो. त्याला औषध लागत नाही. औषध लागतं ते दह्याच्या चोथ्यासारखं जाऊन खाज सुटते तेव्हा, हिरवट-पिवळं फेसाळ जातं तेव्हा, मासळीसारखा वास येतो तेव्हा, किंवा ओटीपोटात दुखून ताप येतो तेव्हा. त्यातल्या काही संसर्गांत नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तेच. पण 'पांढरं जातं' एवढ्या दोन शब्दांवर, न तपासता दिलेल्या गोळ्यांच्या पुड्या घेऊ नका. आणि आतून साबण, डेटॉल, लिंबाचं पाणी असलं काही वापरून धुऊ नका.

शुक्राणूंकडचा हिशेब

वृषणात रोज काही कोटी शुक्राणू तयार होतात. एक शुक्राणू घडायला सुमारे ७० दिवस, मग वृषणाच्या मागच्या गुंडाळलेल्या नळीत पोहायला शिकायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज तपासलेलं वीर्य अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा हिशेब दाखवतं. गणपतीत डेंग्यूचा जोराचा ताप आला असेल तर दिवाळीच्या आसपास रिपोर्ट खराब येऊ शकतो, आणि पुढे आपोआप सुधारतो. एका रिपोर्टवर कुणाला 'दोष आहे' म्हणू नये ते यासाठी.

वृषणं शरीराबाहेर लोंबती ठेवली आहेत ती निसर्गाची सोय आहे: त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. साखर कारखान्याचं बॉयलर हाऊस, वीटभट्टी, हॉटेलातली भट्टी, कंपनीतली फर्नेस अशा ठिकाणी रोज आठ-आठ तास काम असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. लॅपटॉप मांडीवर नको, फार घट्ट कपडे नकोत. तंबाखू, गुटखा, बिडी यांनी शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही खालावते. आणि एक गोष्ट आजकाल तालुक्याच्या ठिकाणच्या जिममध्येही पोचली आहे म्हणून ठासून सांगतो: शरीर कमवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणूंची निर्मिती थांबवतात. बाहेरून पुरुषी संप्रेरक मिळालं की मेंदू वृषणाला 'काम बंद' सांगतो. अंग भरतं आणि वीर्यात शुक्राणू शून्य होतात. सोडल्यावर परत यायला कित्येक महिने जातात.

वीर्य साठवून ठेवलं की जोर वाढतो, हाही गैरसमज. पंधरा दिवस साठलेल्या वीर्यात संख्या जास्त दिसेल, पण त्यात म्हाताऱ्या आणि मेलेल्या शुक्राणूंचा भरणा असतो. गर्भ राहू शकतो त्या सहा दिवसांत (बीज सुटण्याचा आणि त्याआधीचे पाच) रोज किंवा दिवसाआड संबंध आला तरी चालतं. संबंधानंतर वीर्य बाहेर ओघळतं म्हणून घाबरू नका, ज्यांना वर जायचं ते स्रावात शिरलेले असतात. पाय भिंतीला लावून तासभर पडून राहायचीही गरज नाही. कोरडेपणासाठी थुंकी किंवा बाजारातली साधी जेल वापरली तर मात्र शुक्राणूंची चाल मंदावते, ते टाळा.

भेट होते ती अशी

एका वेळच्या वीर्यात चार कोटींपासून तीस कोटींपर्यंत शुक्राणू असतात. बीजाच्या आसपास पोचतात ते काही शेकडा. बाकीचे आम्लतेत मरतात, स्रावाच्या जाळ्यात अडकतात, बाईच्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, काही चुकीच्या नळीत जातात. कोटींची गरज का लागते ते यावरून कळेल. आणि 'सगळ्यात वेगवान शुक्राणू जिंकतो' हे शाळेच्या भिंतीवरचं चित्रही बरोबर नाही, कारण ताजा शुक्राणू बीजापर्यंत पोचला तरी फलन करू शकत नाही. बाईच्या शरीरात काही तास राहून त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल निघावं लागतं, शेपटीचे फटकारे जोराचे व्हावे लागतात. या तयारीचा शोध १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे लावला. त्याआधी प्रयोगशाळेत फलन जमत नव्हतं त्याचं मोठं कारण हेच होतं. नळीच्या पिशवीकडच्या अरुंद भागात शुक्राणू भिंतीला चिकटून थांबतात आणि थोडे थोडे सुटत पुढे जातात. बीजाभोवतीच्या पेशींतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्यांना शेवटच्या टप्प्यात ओढून नेतं.

बीजाभोवती आधी पेशींचा सैल थर असतो, मग 'झोना' नावाचं जाड पारदर्शक कवच. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटून निघालेले विकर (एन्झाइम) आणि शेपटीचा जोर मिळून कवचातून तिरकी वाट पडते. आत बीजाच्या त्वचेला शुक्राणू चिकटतो ते दोन प्रथिनांची जोडी जुळून: शुक्राणूवरचं इझुमो आणि बीजावरचं जुनो. इझुमो २००५ मध्ये सापडलं. ते नाव जपानमधल्या लग्नाच्या दैवताच्या देवळावरून ठेवलं आहे. जुनो २०१४ मध्ये सापडलं, ती रोमन लोकांची विवाहदेवता.

दोन्ही पेशी एक झाल्या की बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि दोन कामं लगेच होतात. पहिलं, बीजाच्या कडेला तयार असलेल्या बारीक पुड्या फुटतात, कवच टणक होतं, दुसऱ्या शुक्राणूला दार बंद. हे चुकलं आणि दोन शुक्राणू शिरले तर ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रं होतात, आणि असा गर्भ जवळपास नेहमीच पडतो. काही वेळा त्यातूनच द्राक्षगर्भ, म्हणजे पिशवीत द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढणारा बिघडलेला गर्भ, तयार होतो. दुसरं, बीज आपलं थांबलेलं विभाजन पूर्ण करतं. मग आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांची दोन स्वतंत्र केंद्रकं तयार होतात. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) लॅबमध्ये १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसली की फलन झालं असं लिहितात. एक दिसलं किंवा तीन दिसली तर काहीतरी बिघडलं. बापाच्या शुक्राणूतून विभाजनाची दोरी धरणारा कण येतो. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकाँड्रिया मात्र फक्त आईचे टिकतात, बापाकडचे मोडून टाकले जातात.

मुलगा-मुलगी याच क्षणी ठरतं. बीजात नेहमी एक्स गुणसूत्र, शुक्राणूत एक्स किंवा वाय. शिरलेला शुक्राणू वायचा असेल तर मुलगा. बाईच्या हातात यातलं काही नाही, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या कुशीवर, काय खाऊन, कोणत्या जडीबुटीनं असं ठरवताही येत नाही. सम-विषम रात्रींचे हिशेब सांगणारे पैसे घेतात, आणि निम्म्या वेळा ते आपोआपच बरोबर ठरतात, म्हणून धंदा चालतो. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा २००३ पासून गर्भधारणेच्या आधीच्या लिंगनिवडीलाही लागू आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. सासूबाईंना हे सगळं नवऱ्यानं सांगावं, सुनेवर ढकलू नये.

रक्तगटाची शंका एका वाक्यात संपते: दोघांचा गट एकच असल्यानं गर्भ राहायला काहीही अडत नाही. काळजी लागते ती आई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असताना, तीही बाळासाठी, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. नातं मात्र विचारात घ्यावं लागतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न रीतीचं मानतात, काही समाजांत मामा-भाचीचंही होतं. मामे-आते भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, मामा-भाचीत चौथा. एकाच आजोबांकडून आलेली दडलेली खराब जनुकं दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता तेवढी वाढते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषाचा धोका साधारण दुप्पट होतो. बहुतेक मुलं निरोगीच होतात, पण घरात आधी एखादं बाळ गेलं असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर दिवस जाण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.

पुढचे दहा दिवस

फलित बीज नळीतून पिशवीकडे सरकताना वाटून वाटून वाढतं. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला शंभरेक पेशींचा गोळा. सहाव्या-सातव्या दिवशी तो कवच फोडून बाहेर येतो आणि पिशवीच्या अस्तराला चिकटतो. रुजणं पुरं व्हायला आणखी तीन-चार दिवस जातात. अस्तर तयार ठेवणारं प्रोजेस्टेरॉन फुटलेल्या फॉलिकलच्या जागी उरलेल्या पिवळ्या गाठीतून येतं. फलन झालेली पुष्कळ बीजं इथपर्यंत पोचतच नाहीत, बहुतेकदा गुणसूत्रांतल्या चुकीमुळे, आणि बाईला फक्त पाळी आली एवढंच कळतं. सगळं निरोगी असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणींना दिवस जातात.

'पिशवी धुणं' हे आता समजून घ्या. ज्या अस्तरावर गर्भ रुजायचा तेच खरवडून काढणं म्हणजे क्युरेटिंग. क्षयाची किंवा दुसरी तपासणी करायला तुकडा हवा असतो, रक्तस्राव थांबत नसतो, अशा ठोस कारणासाठीच ते करतात. उगीच केलं तर अस्तराचे पदर एकमेकांना चिकटू शकतात, संसर्ग वर नळ्यांत चढू शकतो, आणि नसलेला दोष तयार होतो. तुमच्या बाबतीत तसं कारण लिहिलेलं नाही, तेव्हा करू नका.

तुमचा हिशेब

दिवस मोजायचे ते रक्त दिसलेल्या पहिल्या दिवसापासून, पाळी संपल्यापासून नाही. बीज सुटल्यावर पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते. कमी-जास्त होतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून २८ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवशी, ३२ च्या पाळीत अठराव्या. सगळ्यांना 'चौदावा दिवस' सांगणं ही दवाखान्यातही होणारी चूक आहे. तीच गत 'एकविसाव्या दिवशीच्या' प्रोजेस्टेरॉन तपासणीची: ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते, ३२ दिवसांची पाळी असेल तर पंचविसाव्या दिवशी. पाळी मागेपुढे होत असेल तर सहा महिन्यांच्या तारखा लिहा, सगळ्यात छोट्या चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात मोठ्यातून ११. तुमचं उत्तर दहावा ते एकविसावा दिवस. त्यात तार सुटणारा स्राव दिसला की तेच दिवस. लघवीवरची एलएच पट्टी हवी तर दहाव्या दिवसापासून रोज साधारण एकाच वेळी करा. दोन्ही रेघा सारख्या गडद झाल्या की पुढचे दीड दिवस.

आता चौदा महिन्यांचं बघू. गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात सहा: बीज सुटण्याचा आणि त्याआधीचे पाच. चौदा दिवसांनी एकदा दोन दिवसांची भेट. गणित मांडलं तर निम्म्या महिन्यांत ही भेट त्या सहा दिवसांत पडतच नाही, आणि जिथे पडली तिथेही बऱ्याचदा काठावर. म्हणजे चौदा महिने प्रयत्न झाले असं दिसतं, पण खरे प्रयत्न त्याच्या निम्मेच. तीन-चार महिने तारखा बघून रजा टाका. सलग सुट्टी मिळत नसेल तर बीज सुटण्याच्या आधीचे दोन दिवस साधा, सगळ्यात जास्त शक्यता तिथेच आहे. किंवा तिनं तेवढे दिवस चाकणला जाऊन राहावं. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज आजपासूनच सुरू करा. बाळाच्या मणक्याची नळी फलनानंतर चार आठवड्यांत मिटते, पाळी चुकल्याचं लक्षात येऊन दवाखाना गाठेपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा डॉक्टरांना विचारा.

वर्ष उलटलंय म्हणून तपासण्याही सोबत करून घ्या (बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिनेच थांबायचं). सुरुवात वीर्य तपासणीनं. ती सगळ्यात सोपी, स्वस्त, न दुखणारी, आणि तरीही आपल्याकडे ती शेवटी होते. दोन ते सात दिवस संबंध टाळून, शक्यतो लॅबमध्येच, रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत नमुना द्यायचा. साध्या कंडोममध्ये नको, त्यातलं रसायन शुक्राणू मारतं. घरून न्यायचा असेल तर अंगाच्या उबेत ठेवून पाऊण तासाच्या आत. पहिले थेंब सांडले असतील तर सांगा, बहुतांश शुक्राणू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मोजमापाप्रमाणे प्रमाण किमान १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. '९६ टक्के ॲबनॉर्मल' वाचून पुष्कळ जण हादरतात, पण ते चालण्यासारखं आहे. कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. वयात आल्यावर झालेलं गालगुंड, लहानपणी न उतरलेलं वृषण, अंडकोशातल्या फुगलेल्या नसा, हे डॉक्टरांना सांगा.

बायकोची थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी. पाळी दोन-दोन महिने लांबत असती तर पीसीओडीचा (बीज वेळेवर न सुटण्याच्या बीजांडकोशाच्या विकाराचा) विचार आधी केला असता. तुमच्या तारखा तशा नाहीत. मग नळ्या: रक्त थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवशी एचएसजी नावाचा एक्स-रे. आपल्या भागात नळ्या बंद पडण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. तो नळ्यांत खोकल्याशिवाय, तापाशिवाय वर्षानुवर्षं बसून असतो. घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते लपवू नका. यातलं बरंचसं घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत तपासून घेता येतं. जाताना दोघांनी जा.

पाळी चुकली की आठवडाभर थांबून सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी करा. बीज फुटण्याचं एचसीजी इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवड्यांच्या आत पट्टी करू नका, औषधच रेघ उमटवतं. पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक सोनोग्राफी हवीच, गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायला. शंभरात एक-दोन गर्भ नळीतच अडकून वाढतात, आणि नळीला आधी संसर्ग किंवा क्षय होऊन गेला असेल तर जास्त. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला सणसणून दुखणं, थोडं थोडं काळसर रक्त, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, यातलं काहीही झालं तर नवरा यायची किंवा सकाळ उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रात्रीच निघा, आणि जिथे ऑपरेशन व रक्त दोन्ही मिळेल अशाच रुग्णालयात जा.